लिअँडर पेसचं करिअर: सारखे सारखे विचारले जाणारे प्रश्न

आमच्या सिंधुदुर्गात टेनिस म्हटलं की लोकांच्या डोळ्यासमोर आधी टेनिस बॉल क्रिकेट येतं, भात कापून झाला की मळ्यात पीच पडतं, लाईट लागतात, रात्रभर मॅची चालतात. खरं टेनिस खेळणारे थोडेच. पण मे महिन्यात चाकरमानी आणि त्यांची पोरं गावाला आली की कोर्टावर गर्दी होते आणि मग आपल्या टेनिसवाल्या लिअँडर पेसबद्दल तेच तेच प्रश्न पुन्हा सुरू होतात. फेडरर-नदालबद्दल कोणी विचारत नाही, ते सगळ्यांना माहितीयेत असं सगळ्यांना वाटतं. पेसबद्दल मात्र अर्धवट माहिती आणि ठाम मतं. म्हणून एकदाच सगळं लिहून टाकलंय, यापुढे लिंक पाठवणार.

पेस म्हणजे आपलो गोयचो मां?

अर्धो. वडील डॉ. वेस पेस यांचा जन्म गोव्यातला आणि आडनाव तर पत्रादेवीच्या नाक्यापलीकडचंच, म्हणजे गोव्याच्या हद्दीतलं. हे वडील म्हणजे नुसते "लिअँडरचे वडील" नव्हेत हां, १९७२ च्या म्युनिक ऑलिम्पिकमध्ये हॉकीत ब्राँझ मिळवलेल्या भारतीय टीममध्ये ते होते, हाफला खेळायचे, पुढे स्पोर्ट्स मेडिसिनचे डॉक्टर झाले आणि क्रिकेट बोर्डाच्या अँटी-डोपिंगच्या कामातही होते. ऑगस्ट २०२५ मध्ये वारले. आई जेनिफर बास्केटबॉलवाली, तीसुद्धा भारताची कॅप्टन. म्हणजे घरात बॉल कुठला हा प्रश्न, खेळायचं की नाही हा प्रश्नच नाही.

लिअँडर स्वतः जन्मला कोलकात्यात, १७ जून १९७३. वाढला तिकडेच आणि मग मद्रासला. त्यामुळे बंगाली लोक त्याला आपला म्हणतात, गोंयकार आपला म्हणतात, आणि आम्ही मधल्यामध्ये शेजारी म्हणून थोडा हक्क सांगतो. २०२१ मध्ये तो गोव्यात तृणमूल काँग्रेसमध्ये गेला तेव्हा आमच्याकडेही बरीच चर्चा झाली होती, पण राजकारणाचे प्रश्न इथे घेत नाही, त्यासाठी चहाच्या टपऱ्या आहेत.

सुरुवात कुठे झाली?

मद्रासला ब्रिटानिया-अमृतराज अकादमी होती, तिथे तो १९८५ मध्ये गेला, म्हणजे बारा वर्षांचा. १९९० मध्ये ज्युनिअर विम्बल्डन जिंकलं, १९९१ मध्ये ज्युनिअर यूएस ओपन, आणि ज्युनिअरमध्ये जगात एक नंबर. ज्युनिअर विम्बल्डन त्याच्याआधी आपल्याकडे रामनाथन कृष्णन आणि त्यांचा मुलगा रमेश कृष्णन यांनीच जिंकलं होतं. त्याच १९९० मध्ये डेव्हिस कपमध्ये पदार्पण, वय सोळा, जपानविरुद्ध झीशान अलीबरोबर डबल्स, आणि जिंकले. अर्जुन अवॉर्डही त्याच वर्षी. बारावीचा फॉर्म भरायच्या वयात हे सगळं.

अटलांटाचं मेडल नशिबाने मिळालं असं म्हणतात, खरंय का?

हा प्रश्न विचारणाऱ्याला आधी मी ड्रॉ, म्हणजे कोण कोणाशी खेळला तो तक्ता, दाखवतो. १९९६, अटलांटा. पेसचं सिंगल्स रँकिंग १२६ च्या आसपास, एन्ट्री वाइल्ड कार्डवर (ते काय ते खाली सांगतो). पहिल्या मॅचमध्ये अमेरिकेचा रिची रेनबर्ग दुखापतीमुळे तिसऱ्या सेटच्या सुरुवातीला सोडून गेला, ठीक आहे, तेवढं नशीब म्हणा. पण पुढे? व्हेनेझुएलाचा निकोलस पेरेरा, मग स्वीडनचा थॉमस एन्क्विस्ट, म्हणजे त्यावेळी जगातल्या चांगल्या चांगल्यांना घाम फोडणारा माणूस, त्याला ७-५, ७-६ असं सरळ सेटमध्ये. क्वार्टरफायनलला इटलीचा फुर्लान. सेमीफायनलला समोर आंद्रे आगासी, त्याच्याच देशात. पहिला सेट टायब्रेकला (६-६ झाल्यावर सेटचा निकाल लावणारा गेम) गेला, पेस ७-६, ६-३ ने हरला, आणि त्याच मॅचमध्ये मनगट दुखावलं.

आता इथे एक गोष्ट बऱ्याच लोकांना माहीत नसते. १९८८ आणि १९९२ च्या ऑलिम्पिकला टेनिसमध्ये सेमीफायनल हरलेल्या दोघांनाही ब्राँझ द्यायचे. म्हणजे बार्सिलोनाचा नियम असता तर पेस आगासीकडून हरून घरी जाताना मेडल घेऊनच गेला असता. पण १९९६ पासून ब्राँझसाठी वेगळी मॅच सुरू केली. मग दुखऱ्या मनगटाने ब्राझीलच्या फर्नांडो मेलिगेनीसमोर उभं राहायचं, पहिला सेट ३-६ हरायचा, आणि तिथून ६-२, ६-४. तारीख ३ ऑगस्ट. आता सांगा यात नशीब किती आणि माणूस किती.

आपल्या मराठी लोकांसाठी आणखी एक धागा आहे. स्वतंत्र भारताचं पहिलं वैयक्तिक ऑलिम्पिक मेडल साताऱ्याकडच्या गोळेश्वरच्या खाशाबा जाधवांचं, हेलसिंकी १९५२, कुस्ती, ब्राँझ. दुसरं थेट पेसचं. मध्ये ४४ वर्षं. इतकी वर्षं आपण हॉकीवर जगलो आणि नंतर नंतर तर हॉकीनेही हात दिला नाही. त्याच्या आधीच्या तिन्ही ऑलिम्पिकमध्ये, म्हणजे लॉस एंजेलिस, सोल आणि बार्सिलोनाला, भारत रिकाम्या हाताने परत आला होता, हे लक्षात घेतलं की त्या ब्राँझचं वजन कळतं.

वाइल्ड कार्ड म्हणजे वशिलाच ना?

नाही हो. वाइल्ड कार्ड म्हणजे रँकिंगने जागा मिळत नाही अशांसाठी आयोजकांनी राखून ठेवलेल्या थोड्या जागा. दार उघडून देतात एवढंच, आत गेल्यावर एन्क्विस्ट काही वशिल्याने हरत नाही. आणि २००१ ला विम्बल्डन जिंकलेला गोरान इव्हानिसेविचसुद्धा वाइल्ड कार्डवरच आला होता, त्याला कोणी वशिल्याचं तट्टू म्हणत नाही.

सिंगल्समध्ये एवढा चांगला होता तर रँकिंग ७३ च्या वर का गेलं नाही?

हा सगळ्यात चांगला प्रश्न आणि याचं उत्तर मोठं आहे.

त्याच्या खेळात एक मोठी खोट होती, मागच्या रेषेवरून मार खायचा. सर्व्हिस बेताची, उंची टेनिसच्या मानाने साधारण, बॅकहँड बहुतेक स्लाइस, म्हणजे बॉल कापून खाली ठेवायचा. क्ले म्हणजे मातीच्या कोर्टवर किंवा हळू हार्ड कोर्टवर समोरचा तुम्हाला मागे अडकवून ठेवतो, जोरात जोरात टॉपस्पिन मारत राहतो आणि तुम्ही तिथेच दमता. पेसचा सगळा जीव पुढे, नेटवर. बॉल चिप करायचा, पुढे धावायचं आणि व्हॉलीने, म्हणजे टप्पा पडायच्या आधीच मारून, संपवायचं. यासाठी लागतं गवत किंवा फास्ट कोर्ट, जिथे कापलेला बॉल उसळतच नाही आणि समोरच्याला गुडघ्यात वाकून खालून उचलायला लागतो. अशी कोर्टं टूरवर वर्षातून काही आठवडेच मिळतात. उरलेलं वर्ष काय करणार?

म्हणून त्याचं एकमेव एटीपी (पुरुषांच्या व्यावसायिक टूरचं) सिंगल्स टायटल कुठे आलं बघा, न्यूपोर्ट, १९९८, गवत. त्याच उन्हाळ्यात न्यू हेवनला त्याने पीट सॅम्प्रसला ६-३, ६-४ ने हरवलं. हो, सॅम्प्रसला. आणि पुन्हा कधी दोघं समोरासमोर आलेच नाहीत, त्यामुळे हिशेब कायमचा पेस एक, सॅम्प्रस शून्य. ऑगस्ट १९९८ मध्येच ते ७३ नंबरचं बेस्ट रँकिंग आलं.

रँकिंग हा वर्षभराचा जमाखर्च असतो. आठवड्यामागून आठवडा, कुठल्याही कोर्टवर, ज्युनिअर क्लार्कने रोज मस्टरवर सही करावी तसं पॉइंट गोळा करणाऱ्याला तो चांगला दिसतो. पेस त्या जातीचा नव्हताच, एका दिवसासाठी पेटणारा होता. माझं स्पष्ट मत असं की सिंगल्सचं रँकिंग बघून त्याचं करिअर मोजणारा माणूस चुकीच्या वहीत बघतोय. दोनच वह्या उघडायच्या, डेव्हिस कप आणि डबल्स.

मग डेव्हिस कपमध्ये तो वेगळाच माणूस कसा व्हायचा?

डेव्हिस कप म्हणजे देश विरुद्ध देश. जुन्या पद्धतीत तीन दिवस, पाच मॅची: शुक्रवारी दोन सिंगल्स, शनिवारी डबल्स, रविवारी उरलेल्या दोन सिंगल्स. यजमान देश कोर्ट निवडतो. मग आपण काय निवडणार, गवतच. दिल्ली, कोलकाता, चंदीगड, गवत कापून कापून बारीक केलेलं, बॉल उसळायलाच तयार नाही, वर आपली गर्दी, घोषणा, ढोल. वर सांगितलेल्या पेसच्या सगळ्या खोटी इथे झाकल्या जातात आणि गुण दुप्पट दिसतात.

१९९५, दिल्ली, क्रोएशियाविरुद्ध. समोर इव्हानिसेविच, डावखुरा, तोफेसारखी सर्व्हिस. पेस पहिला सेट टायब्रेकमध्ये हरला, दुसरा ४-६ हरला. दोन सेट खाली. तिसरा टायब्रेकमध्ये ओढून काढला, चौथा ६-४, आणि पाचव्यात इव्हानिसेविचचं मानसिक दिवाळं, ६-१. त्याच्याआधी १९९३ मध्ये फ्रान्सला त्यांच्याच घरी, फ्रेजूसला, क्लेवर हरवून भारत सेमीफायनलपर्यंत गेला होता, म्हणजे फक्त गवतामुळे असंही म्हणता येत नाही. हे मान्य करायला लागतं. काही माणसांना गळ्यात देशाचं नाव पडलं की अंगात येतं, शिमग्यात पालखी खांद्यावर आल्यावर एरवीचा शांत माणूस नाचायला लागतो ना, तसं. त्यामागचं शास्त्र मला विचारू नका.

डबल्सचा रेकॉर्ड तर वेगळाच. इटलीच्या निकोला पिएत्रांजेलीच्या नावावर डेव्हिस कपमध्ये ४२ डबल्स विजय होते, कित्येक वर्षं कोणी हात लावला नव्हता. एप्रिल २०१८ मध्ये चीनमध्ये तियानजिनला पेस आणि रोहन बोपण्णाने डबल्स जिंकली, तो पेसचा ४३ वा. भारत तेव्हा ०-२ ने मागे होता, ती डबल्स हरली असती तर सामना तिथेच संपला असता. ती जिंकल्यावर उरलेल्या दोन्ही सिंगल्स जिंकून भारताने ३-२ केलं. शेवटी त्याचा आकडा ४५ वर थांबला.

डबल्स म्हणजे सोपं टेनिस ना? अर्धं कोर्टच सांभाळायचं.

असं म्हणणाऱ्याला एकदा नेटवर उभं करावं आणि समोरून कोणीतरी छातीवर फोरहँड मारावा.

डबल्समध्ये वेळच नसतो. नेटवर उभ्या माणसाकडे बॉल पोचायला अर्धा सेकंदसुद्धा लागत नाही, तेवढ्यात रॅकेट कुठे, तोंड कुठल्या कोनात, पाय कुठे, सगळं झालेलं असायला पाहिजे. पेसचे व्हिडिओ बघताना बॉलकडे नका बघू, त्याच्या हाताकडे बघा. बॅकस्विंग नावालाच. रॅकेट छातीसमोर, मनगट घट्ट, बॉल आला की मारत नाही, अडवतो आणि वळवतो. नवीन पोरं व्हॉलीला पण क्रिकेटच्या सिक्सरसारखा झोका घेतात आणि बॉल थेट नारळीच्या झाडात.

दुसरी गोष्ट पोचिंग. पार्टनर सर्व्हिस करतोय, तुम्ही नेटवर. समोरचा रिटर्न मारणार तिरका, नेहमीसारखा. बॉल त्याच्या रॅकेटला लागायच्या क्षणी तुम्ही तिरके पुढे घुसता आणि मधेच बॉल पकडता. एक पाऊल आधी निघालात तर तो तुमच्या सोडलेल्या रिकाम्या गल्लीत मारतो, एक पाऊल उशिरा निघालात तर बॉल निघून गेला. पेसची निघायची वेळ अशी होती की समोरच्याला कळायचंच नाही. कधी निघायचाच नाही, नुसता खांदा हलवायचा. तेवढ्यानेही रिटर्न बाहेर जायचा. आणि तिकडे पार्टनरने रिकामी झालेली बाजू त्याच वेळी भरायची, रापण, म्हणजे किनाऱ्यावरून ओढायचं मोठं जाळं, ओढताना दोन्ही टोकं एका लयीत यायला लागतात, एक बाजू ढिली पडली की मासळी गेली.

२००६ पासून टूरवरच्या डबल्सला ड्यूसला (४०-४० झाल्यावर) एकच पॉइंट आणि तिसऱ्या सेटऐवजी दहा पॉइंटचा टायब्रेक आला. म्हणजे मॅच छोटी आणि चूक महाग. वय वाढत असताना पेस टिकला त्यात या नियमाचाही हात असावा असं मला वाटतं, पाय वाचले, डोकं तर होतंच.

भूपतीशी नक्की काय झालं?

आधी काय जमलं ते सांगतो, मग काय बिघडलं ते. १९९९ मध्ये लिअँडर पेस आणि महेश भूपती एकाच वर्षी चारही ग्रँड स्लॅमच्या, म्हणजे टेनिसच्या चार सगळ्यात मोठ्या स्पर्धांच्या, फायनलला पोचले. ऑस्ट्रेलियात पाच सेटमध्ये ब्योर्कमन-राफ्टरकडून हरले, फ्रेंच जिंकलं, विम्बल्डन जिंकलं, यूएस ओपनची फायनल हरले. जूनमध्ये पेस डबल्सचा जगात एक नंबर. त्याच विम्बल्डनला पेसने लिसा रेमंडबरोबर मिक्स्डही जिंकलं. २००१ मध्ये पेस-भूपतीने पुन्हा फ्रेंच घेतलं. डेव्हिस कपमध्ये तर ही जोडी वर्षानुवर्षं हरायचीच नाही.

मग फाटलं. का फाटलं याच्या दोघांच्या दोन गोष्टी आहेत आणि त्यांनी त्या वेळोवेळी जगाला सांगितल्यात, मी कोणाची बाजू घेऊन इथे कमेंटमध्ये मारामारी लावणार नाही. मधे मधे परत एकत्र आले, २००६ ला दोहा एशियाडचं गोल्ड घेतलं, २००८ ला बीजिंगला क्वार्टरफायनलमध्ये फेडरर-वावरिंकाकडून हरले (त्यांनीच मग गोल्ड नेलं). पण २०१२ लंडनच्या आधी भूपती आणि बोपण्णा दोघांनीही पेसबरोबर खेळायला नकार दिला, फेडरेशनने शेवटी दोन जोड्या पाठवल्या, पेसला रँकिंगमध्ये बराच खाली असलेला विष्णू वर्धन मिळाला, आणि मिक्स्डसाठी सानिया मिर्झाला त्याच्याशी जोडलं त्यावर सानियाने आपल्याला आमिष म्हणून वापरलं असं जाहीर पत्रक काढलं. सगळाच तमाशा. मेडल कोणालाच नाही.

करिअरभरात पेसचे शंभराहून जास्त पार्टनर झाले. काहीजण हा आकडा कौतुकाने सांगतात, कोणाहीबरोबर जमवून घेतो म्हणून. मला त्यात दुसरी बाजूही दिसते, कोणाहीबरोबर फार काळ टिकलं नाही. दोन्ही खरं असू शकतं.

एकूण ग्रँड स्लॅम किती?

१८. पुरुष डबल्स ८, मिक्स्ड १०.

पुरुष डबल्समध्ये भूपतीबरोबर तीन (वर आलीच), मग २००६ यूएस ओपन मार्टिन डॅमबरोबर, २००९ फ्रेंच आणि यूएस ओपन लुकास दलौहीबरोबर, २०१२ ऑस्ट्रेलियन ओपन आणि २०१३ यूएस ओपन राडेक स्टेपानेकबरोबर. तिघंही चेकचे, योगायोग. २०१२ च्या ऑस्ट्रेलियनने त्याचा चारही स्लॅमचा सेट पूर्ण झाला आणि २०१३ ला तो चाळीस वर्षांचा होता. मिक्स्डमध्ये लिसा रेमंडबरोबर एक, नवरातिलोव्हाबरोबर दोन, झिंबाब्वेच्या कारा ब्लॅकबरोबर तीन, हिंगीसबरोबर चार.

ती मार्टिना एकच का दोन?

दोन. मार्टिना नवरातिलोव्हाबरोबर २००३ चं ऑस्ट्रेलियन आणि विम्बल्डन, तेव्हा ती ४६ वर्षांची होती आणि ते तिचं विसावं विम्बल्डन टायटल. मार्टिना हिंगीसबरोबर २०१५ मध्ये ऑस्ट्रेलियन, विम्बल्डन, यूएस ओपन आणि २०१६ ला फ्रेंच. गंमत म्हणजे हिंगीसच्या आईने तिचं नाव नवरातिलोव्हावरूनच ठेवलं होतं.

त्याला ब्रेन ट्यूमर झाला होता ना?

नाही, पण तसं वाटलं होतं. २००३ ला नवरातिलोव्हाबरोबर विम्बल्डन जिंकल्यावर काही आठवड्यांतच डोकेदुखी सुरू झाली, अमेरिकेत ऑर्लँडोला हॉस्पिटलमध्ये ठेवलं, मेंदूत काहीतरी दिसलं, आणि देशभर बातम्या. शेवटी निघालं न्यूरोसिस्टिसर्कोसिस, म्हणजे टेपवर्मचं इन्फेक्शन. औषधांवर बरं होणारं. तो बरा झाला आणि परत खेळायलाही लागला.

हा आजार डुकराचं मांस खाणाऱ्यांनाच होतो असं आमच्याकडे ठामपणे सांगणारे भेटतात. तसं नाही, या कृमीची अंडी घाण पाण्यातून, नीट न धुतलेल्या भाजीतून, न धुतलेल्या हातांतून पोटात जातात, शाकाहारी माणसालाही होऊ शकतो. कोथिंबीर, पालेभाजी नीट धुवा.

सात ऑलिम्पिक खेळला हे खरं का?

खरं. १९९२ ते २०१६, एकही चुकवलं नाही. टेनिसमध्ये जगात एवढी कोणीच खेळलेली नव्हती. पहिल्यांदा बार्सिलोनाला रमेश कृष्णनबरोबर डबल्सच्या क्वार्टरफायनलपर्यंत, शेवटी रिओला बोपण्णाबरोबर पहिल्याच राउंडला बाहेर. सिडनी २००० ला उद्घाटनाला तिरंगा त्याच्या हातात होता.

सगळ्यात जास्त जीव जळतो तो अथेन्स २००४ चा. पेस-भूपती, ब्राँझची मॅच, समोर क्रोएशियाचे आन्चिच आणि ल्युबिचिच, तिसरा सेट १४-१६. टीव्हीसमोर बसलेल्या कोणालाही विचारा.

मराठी माणसाचा काही संबंध?

आहे. १९९४ च्या हिरोशिमा एशियाडला डबल्सचं गोल्ड पेसने कोणाबरोबर जिंकलं? गौरव नाटेकर. सांगलीचे बॅडमिंटनवाले नंदू नाटेकर, त्यांचा मुलगा. नंदू नाटेकरांचं नाव आमच्या वडलांच्या पिढीला विचारा, तासभर बोलतील. एशियाडमध्ये पेसची एकूण पाच गोल्ड: हिरोशिमाला टीमचं आणि डबल्सचं, २००२ बुसानला भूपतीबरोबर, २००६ दोहाला भूपतीबरोबर आणि मिक्स्डमध्ये सानियाबरोबर. पुण्यात बालेवाडीला एटीपी स्पर्धा आली तेव्हा तिथेही खेळला.

अवॉर्ड?

अर्जुन १९९०, खेलरत्न (१९९६-९७), पद्मश्री २००१, पद्मभूषण २०१४. आणि जुलै २०२४ ला विजय अमृतराजबरोबर टेनिस हॉल ऑफ फेममध्ये, आशियातले पहिले पुरुष हे दोघं. तो कार्यक्रम न्यूपोर्टला होतो, जिथे त्याचं ते एकुलतं एक सिंगल्स टायटल आलं होतं तिथेच.

रिटायर नक्की कधी झाला?

२५ डिसेंबर २०१९ ला जाहीर केलं की २०२० शेवटचं वर्ष. पुणे, बंगळुरू वगैरे खेळून मार्च २०२० मध्ये झाग्रेबला डेव्हिस कप, बोपण्णाबरोबर डबल्स, क्रोएशियाच्या जोडीला तीन सेटमध्ये हरवलं. भारत सामना हरला पण ती मॅच आपली. मग कोविड आला, टूर बंद, आणि ठरवलेला निरोपाचा दौरा तिथेच राहिला.

पोरांना त्याची कुठली मॅच दाखवू?

हायलाइट्स दाखवत बसू नका, त्यात नुसते स्मॅश असतात. १९९९ च्या विम्बल्डन डबल्स फायनलचे किंवा हिंगीसबरोबरच्या २०१५ च्या मॅचचे सलग दोन-तीन गेम दाखवा, आणि बॉल समोरच्या कोर्टात असताना पेस काय करतोय ते बघायला सांगा. सिंगल्ससाठी मेलिगेनीची ब्राँझची मॅच.

आमच्याकडे चार महिने पाऊस, टेनिस शिकायचं कसं?

जूनपासून बाहेरचं कोर्ट विसरा, लाल मातीच्या कोर्टावर शेवाळ धरतं आणि पाय घसरला की घोटा गेलाच. दमट हवेत बॉलही फुगून जड होतात, डबा उघडल्यावर लवकर वापरून टाका. रॅकेटला नॅचरल गटच्या (जनावराच्या आतड्याच्या) तारा घेऊ नका, आमच्या खाऱ्या ओल्या हवेत त्यांचे पैसे पाण्यात, साधी सिंथेटिक बरी. पण व्हॉलीला कोर्ट लागतच नाही. शाळेच्या व्हरांड्यातली भिंत, सहा-सात फुटांवर उभं राहायचं, रॅकेट छातीसमोर, बॉल खाली पडू न देता परत परत भिंतीवर. आधी दोन्ही बाजूंनी एकत्र, मग फक्त बॅकहँडने. आणि पोरांना फी भरून क्लासला घालताय तर कोचला एवढंच विचारा की डबल्स शिकवता का, बरेच जण शिकवत नाहीत. बॅचमध्ये चारच पोरं असतील तर उलट बरंच आहे, चौघांना एका कोर्टावर टाका, शिमग्यापर्यंत पोचिंग येतंय.